जहाजावर दूर पल्ल्याचे रडार : शक्यता आणि मर्यादा

२२ सप्टेंबर १९१४ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास ‘एम्डेन’ ही जर्मन क्रूझर मद्रास बंदरासमोर, किनाऱ्यापासून जेमतेम तीन किलोमीटरांवर येऊन उभी राहिली. पहिले महायुद्ध सुरू होऊन दोन महिनेही लोटले नव्हते. शहरातील दिवे नेहमीप्रमाणे लागलेले होते आणि उच्च न्यायालयाच्या इमारतीवरील दीपगृहाचा झोत नेहमीप्रमाणे समुद्रावरून फिरत होता. कप्तान कार्ल फोन म्युलर याने बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्यांवर तोफांचा रोख धरला, अर्ध्या तासात सव्वाशेच्या आसपास गोळे डागले आणि तो अंधारात निघून गेला. टाक्या पेटल्या, काही माणसे प्राणास मुकली आणि पुढील काही दिवसांत हजारो लोकांनी शहर सोडले. धूर्त व धाडसी माणसाला ‘एम्डन’ म्हणण्याची जी पद्धत तमिळ भाषेत रूढ झाली, तिचा उगम या रात्रीत आहे.

त्या रात्री मद्रासच्या किनाऱ्यावर रडार असते तर काय झाले असते? प्रश्न काल्पनिक असला तरी त्याचे उत्तर हिशेबाने देता येते. दीपगृहाइतक्या, म्हणजे सुमारे ५० मीटर उंचीवर बसविलेल्या रडारला मध्यम आकाराचे जहाज साधारणपणे ४० किलोमीटरांवरून दिसू शकते. एम्डेनचा कमाल वेग ताशी ४३ किलोमीटरांच्या घरात होता. म्हणजे शहराला जवळजवळ एका तासाची पूर्वसूचना मिळाली असती. तेवढ्यात दिवे मालवता आले असते आणि किनाऱ्यावरील तोफा सज्ज करता आल्या असत्या. परंतु समोरून येणारी वस्तू ताशी ४३ किलोमीटरांऐवजी सेकंदाला पाऊण किंवा एक किलोमीटर वेगाने येत असेल तर तेच ४० किलोमीटर अंतर एका मिनिटात सरते. तेव्हा रडार किनाऱ्यावरून उचलून पुढे समुद्रात न्यावे, म्हणजेच ते जहाजावर बसवावे, ही कल्पना साहजिकपणे पुढे येते. ती कितपत व्यवहार्य आहे, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

रडारचे मूळ तत्त्व सुपरिचित आहे. रेडिओ तरंगांचा एक अतिशय अल्पकालीन स्पंद अँटेनामधून सोडावयाचा, समोरच्या वस्तूवर आपटून परत आलेला त्याचा अंश टिपावयाचा आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढावयाचे. तरंग सेकंदाला ३ लाख किलोमीटर वेगाने जातात. म्हणून ३०० किलोमीटरांवरील विमानाचा प्रतिध्वनी परत येण्यास एका सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो. तत्त्व सोपे असले तरी दूर पल्ल्याचे रडार महाग आणि अवजड होते, त्याला एक साधे गणित कारणीभूत आहे. स्पंद जाताना पसरतो आणि त्याची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. प्रतिध्वनी परत येतानाही तसाच पसरतो आणि पुन्हा तेवढाच क्षीण होतो. दोन्ही मिळून हाती येणारा संकेत अंतराच्या चतुर्घाताच्या प्रमाणात कमी होतो. बाकी सारे तसेच ठेवून पल्ला दुप्पट करावयाचा तर शक्ती सोळापट करावी लागते. यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे अँटेना मोठा करणे. मोठा अँटेना अरुंद शलाका सोडतो आणि परतलेल्या संकेताचा अधिक वाटा गोळा करतो. जमिनीवर त्यासाठी जागा काढता येते. जहाजावर प्रत्येक चौरस मीटरसाठी भांडण असते.

मात्र जहाजाच्या बाबतीत खरी अडचण शक्तीची नाही. ती पृथ्वीच्या गोलाईची आहे. रडारमध्ये वापरले जाणारे सेंटिमीटर लांबीचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात; वातावरणात ते थोडेसे खाली वाकतात, त्यामुळे रडारचे क्षितिज डोळ्याच्या क्षितिजापेक्षा किंचित दूर असते, एवढेच. अँटेनाची व लक्ष्याची उंची मीटरांत घेऊन त्या दोन्हींची वर्गमुळे काढावी, त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे, म्हणजे लक्ष्य जास्तीत जास्त किती किलोमीटरांवरून दिसेल ते मिळते. या सूत्राने काही उदाहरणे करून पाहणे उद्बोधक ठरेल. अँटेना समुद्रसपाटीपासून ३० मीटर उंचीवर आहे, असे धरू. १०,००० मीटर उंचीवरून उडणारे विमान त्याला सव्वाचारशे किलोमीटरांहूनही अधिक अंतरावरून दिसू शकेल. तेच विमान १०० मीटरांपर्यंत खाली उतरले की अंतर ६४ किलोमीटरांवर येते. आणि लाटांना जवळजवळ घासून, ४ मीटर उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र जेमतेम ३१ किलोमीटरांवर असताना प्रथम दृष्टीस पडते. प्रक्षेपकाची शक्ती दहापट किंवा शंभरपट वाढवा, या ३१ किलोमीटरांत काडीचाही फरक पडणार नाही.

ही केवळ कागदावरची गोष्ट नाही. चेन्नई शहराचे नाव धारण करणारी ‘आयएनएस चेन्नई’ ही विनाशिका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली. १ एप्रिल २०१० रोजी तिचे जलावतरण झाले आणि २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मुंबईत, तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या उपस्थितीत ती नौदलात दाखल झाली. सुमारे १६४ मीटर लांबीचे व साडेसात हजार टनी वजनाचे हे जहाज आहे. तिच्या पुढील मनोऱ्याच्या चार बाजूंना चार सपाट फलक बसविलेले दिसतात. तेच तिचे मुख्य रडार, इस्राएली बनावटीचे ‘एमएफ-स्टार’. या रडारची जी माहिती उत्पादकांनी प्रसिद्ध केली आहे तिच्यात दोन आकडे शेजारीशेजारी येतात : लढाऊ विमान २५० किलोमीटरांहून अधिक अंतरावरून आणि लाटांना घासून येणारे क्षेपणास्त्र सुमारे २५ किलोमीटरांवरून. रडार तेच, जहाज तेच, आणि पल्ल्यात दहापटीचे अंतर. वरच्या सूत्राची याहून चांगली साक्ष शोधून सापडणार नाही.

या २५-३० किलोमीटरांचा अर्थ काळाच्या मापाने समजून घेतला पाहिजे. ध्वनीहून थोड्या कमी वेगाने येणारे क्षेपणास्त्र ३१ किलोमीटर कापण्यास सुमारे १०० सेकंद घेते. ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाने येणारे तेवढेच अंतर ३३ सेकंदांत कापते. जुन्या पद्धतीचे, गरगर फिरणाऱ्या अँटेनाचे रडार मिनिटाला १५ फेऱ्या घेत असेल तर एकाच दिशेकडे ते दर ४ सेकंदांनी पाहते. म्हणजे त्या ३३ सेकंदांत ते क्षेपणास्त्र पडद्यावर फार तर आठ वेळा उमटणार. त्यातील पहिल्या दोनतीन ठिपक्यांवरून ते पक्षी, लाट किंवा ढग नसून क्षेपणास्त्रच आहे हे ठरवावयाचे आणि उरलेल्या वेळात प्रतिकार करावयाचा. आयएनएस चेन्नईवरील फलक फिरत नाहीत, याचे महत्त्वाचे कारण हेच. प्रत्येक फलकात लहान लहान अनेक अँटेना असतात. त्यांतून निघणाऱ्या तरंगांची वेळ एकमेकांपेक्षा अतिसूक्ष्म प्रमाणात मागेपुढे केली की शलाका हवी तिकडे वळते. ती वळवण्यास सेकंदाचा अल्पांशही पुरतो आणि संशयित दिशेकडे पुन्हापुन्हा पाहता येते.

वाचकाच्या मनात येथे एक सरळ प्रश्न उभा राहील : अँटेना अधिक उंच का बसवू नये? सूत्रातील वर्गमुळाने याचे निम्मे उत्तर दिलेलेच आहे. ३० मीटरांऐवजी ६० मीटर उंचीची डोलकाठी उभारली तरी क्षितिज साडेबावीस किलोमीटरांवरून बत्तिसाच्या आत-बाहेर सरकते. उंची दुप्पट करून लाभ सव्वानऊ किलोमीटरांचा. उरलेले निम्मे उत्तर जहाजाच्या तोलात आहे.

जहाज हेलकावा खाऊन पुन्हा सरळ होते याचे कारण त्याच्या वजनाची व तरंगण्याची केंद्रे विशिष्ट रीतीने एकमेकांच्या वरखाली असतात. तोलाचे हे माप युद्धनौकांच्या बाबतीत फार मोठे नसते. साधारणपणे मीटर-दीड मीटर. वर चढविलेले प्रत्येक वजन गुरुत्वमध्य वर ओढते आणि या मापातून थोडा भाग खाऊन टाकते. चेन्नईच्या उत्तरेस, हवाई अंतराने सुमारे ८० किलोमीटरांवर असलेल्या श्रीहरिकोटा येथील अवकाशकेंद्रात अनेक वस्तूंचा एकाच वेळी माग काढणारे एक मोठे रडार आहे. त्याचा अँटेना १२ मीटर लांब व ८ मीटर उंच असून त्यात ४,६०८ घटक आहेत आणि त्याचे वजन ३५ टन आहे. अर्ध्या मीटर लांबीरुंदीची वस्तू ते हजार किलोमीटरांवरून टिपते. हेच रडार आयएनएस चेन्नईसारख्या जहाजाच्या मनोऱ्यावर चढविले तर काय होईल? गुरुत्वमध्याच्या २० मीटर वर ३५ टन ठेवले, की साडेसात हजार टनी जहाजाचा गुरुत्वमध्य सुमारे ९ सेंटिमीटर वर सरकतो. ९ सेंटिमीटर ऐकण्यास क्षुल्लक वाटतात. पण ३५ टनांचा भार वादळात पेलणारा मनोरा, शीतकरणाचे पाणी खेळवणाऱ्या नळ्या, जाडजूड विद्युत्‌वाहिन्या यांचे वजन अँटेनाच्या वजनाहून कमी नसते, आणि तेही सारे वरच असते. तेव्हा मीटरभर तोलातून पाव मीटर सहज निघून जातो. शिवाय ९६ चौरस मीटरांचा तो उभा पृष्ठभाग म्हणजे बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळात उघडलेले शीडच. नौका-अभियंता या सर्वाला होकार देऊ शकेल. परंतु मग तो जहाज रुंद करील किंवा तळाशी भार टाकील, वेग कमी होईल, इंधन वाढेल आणि इतर शस्त्रांपैकी काहीतरी उतरवावे लागेल. ‘बसवता येईल का’ या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘होय’ असते. ‘कशाच्या बदल्यात’ हा प्रश्न विचारला की खरी चर्चा सुरू होते.

वजनानंतर हालचालीचा विचार करू. जमिनीवरील रडारला आपले पाय कोठे आहेत हे ठाऊक असते. जहाजावरील रडारला ते क्षणोक्षणी शोधून काढावे लागते. २०० किलोमीटर अंतरावरील विमानाची उंची मोजताना शलाकेच्या कोनात एका अंशाची चूक झाली तर उंचीत साडेतीन किलोमीटरांची चूक होते. मोठ्या लाटांत जहाज एका बाजूला दहा-पंधरा अंश सहज कलते. जायरोस्कोपच्या साहाय्याने हा कल मोजून शलाका उलट दिशेने तेवढीच वळवावयाची, ही युक्ती जुनी आहे. पूर्वी त्यासाठी संपूर्ण अँटेना मोटारींनी हलवत ठेवावा लागे, आज संगणक हे काम शलाकेवरच करतो. तथापि एक बारीक दोष उरतोच. जहाजाचे पोलादी अंग वाटते तितके ताठ नसते. लाट मध्यभागी आली की त्याची दोन्ही टोके किंचित लवतात आणि ती टोकांखाली गेली की मध्यभाग लवतो. जायरोस्कोप जहाजाच्या पोटात आणि अँटेना मनोऱ्यावर असेल तर दोघांच्या मताने ‘सरळ’ कोठे, यात अल्पसा फरक पडतो. जवळच्या लक्ष्यासाठी तो नगण्य. दूर पल्ल्याच्या अचूक मापनासाठी मुळीच नाही. म्हणूनच अशा रडारांमध्ये कल मोजणारे उपकरण अँटेनाच्या अगदी पाठीशी बसविण्याची धडपड असते.

आयएनएस चेन्नईवर मनोऱ्यावरच्या फलकांखेरीज मागील बाजूस एक फिरता, रुंद अँटेनाही आहे. तो ‘एलडब्ल्यू-०८’ या मूळ डच बनावटीच्या दूर पल्ल्याच्या रडारचा. फलकांचे तरंग सुमारे १० सेंटिमीटर लांबीचे, तर याचे सुमारे २३ सेंटिमीटरांचे. लांब तरंगांना पाऊस व ढग कमी अडवतात, दूरवरच्या आकाशाचा आढावा ते चांगला घेतात. आखूड तरंग अचूक नेम धरतात. दोन्ही गुण एकाच यंत्रात उतरविणे कठीण, म्हणून जहाजावर दोन रडारे. आता त्यांच्याबरोबर नौकानयनाचे रडार, रेडिओ, उपग्रहसंपर्काचे घुमट, शत्रूच्या रडारची चाहूल घेणारे ग्राहक हे सर्व १६४ मीटर लांबीच्या एकाच तरंगत्या चाळीत दाटीवाटीने नांदतात. शेजाऱ्याचा मोठा आवाज दुसऱ्याच्या कानठळ्या बसवतो.

या दाटीची आणि क्षितिजाची किंमत एकाच दिवशी चुकवावी लागल्याचे उदाहरण फॉकलंड युद्धात सापडते. ‘शेफिल्ड’ या नावाच्या ब्रिटिश क्रूझरवर १९३८ साली रडार बसविण्यात आले. ब्रिटिश नौदलातील ते पहिले मानले जाते. त्याच नावाची पुढील पिढीतील विनाशिका ४ मे १९८२ रोजी दक्षिण अटलांटिकमध्ये, आपल्या ताफ्याच्या पुढे, पहाऱ्यावर होती. तिच्यावर दूर पल्ल्याचे हवाई रडार होते. अर्जेंटिनाची विमाने लाटांलगत उडत आली, क्षणभर वर येऊन त्यांनी जहाजांचा ठाव घेतला आणि एक्झोसेट क्षेपणास्त्रे सोडून ती परतली. शेफिल्ड त्या वेळी उपग्रहामार्फत संदेश पाठवीत होती आणि त्या यंत्रणेमुळे शत्रूच्या रडारची चाहूल घेणारे तिचे ग्राहक निरुपयोगी झाले होते. एक क्षेपणास्त्र तिच्या मध्यभागी घुसले. वीस नाविक मृत्यू पावले आणि काही दिवसांनी जहाज बुडाले. दूर पल्ल्याचे रडार जहाजावर असणे आणि दूरचे दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे जगातील सर्व नौदलांना त्या दिवशी कळून चुकले.

मग तरंगांनाच वाकविता येणार नाही का? निसर्ग ते अधूनमधून करतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबई येथील दीड मीटर तरंगलांबीच्या रडारला उन्हाळ्याच्या दिवसांत अरबस्तानातील ठिकाणांचे प्रतिध्वनी मिळत, हजार मैलांहूनही दुरून! समुद्रालगतची दमट हवा आणि तिच्यावरील उष्ण कोरडी हवा यांच्या थरांमध्ये तरंग कोंडले जातात व नळातून पाणी जावे तसे पृथ्वीच्या वळणावळणाने पुढे जातात. परंतु जे हवामानाच्या मर्जीने मिळते त्यावर पहारा उभारता येत नाही. आज दिसलेला उद्या दिसत नाही. शिवाय कोंडलेल्या थराच्या बरोबर वर, जेथे एरवी दिसले असते, तेथे आंधळा पट्टा निर्माण होतो.

दुसरा, अधिक भरवशाचा उपाय चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरांवर कल्पाक्कम येथे पाहावयास मिळतो. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने देशाच्या किनाऱ्यांवर रडारांच्या जोड्या उभारल्या आहेत. कल्पाक्कम आणि कडलूर ही तमिळनाडूतील जोडी. यांचे तरंग सेंटिमीटरांचे नसून ६०-७० मीटर लांबीचे आहेत. इतके लांब तरंग खाऱ्या पाण्याच्या पृष्ठभागाला बिलगून क्षितिजापलीकडे उतरतात आणि सुमारे २०० किलोमीटरांपर्यंतच्या समुद्रप्रवाहांची माहिती आणतात. त्यांना प्रतिध्वनी देतात त्या समुद्राच्या लाटाच. तरंगाच्या निम्म्या लांबीच्या लाटांवरून परतणारे संकेत एकमेकांत मिसळून बळकट होतात. हे रडार पहाऱ्यासाठी नसून विज्ञानासाठी आहे, पण त्याचे तत्त्व पहाऱ्यालाही लागू पडते. आकाशातील विद्युत्‌भारित थरांवरून तरंग परावर्तित करून हजारो किलोमीटर पाहणारी ऑस्ट्रेलियाची जिंदाली यंत्रणाही अशाच, दहा मीटरांहून अधिक लांबीच्या तरंगांवर चालते. जहाजाच्या दृष्टीने सारे गाडे येथेच अडते. अरुंद शलाकेसाठी अँटेना तरंगलांबीच्या अनेक पट रुंद असावा लागतो; जिंदालीच्या ग्राहक अँटेनांची रांग सुमारे तीन किलोमीटर लांब आहे. तेवढे जहाज कोणी बांधलेले नाही. जहाजाच्या लांबीत मावेल तेवढी रांग उभारली तर शलाका इतकी रुंद होते की लक्ष्य आहे एवढे कळते, ते नेमके कोठे आहे हे कळत नाही.

येथवरची चर्चा वाचून जहाज हे रडारसाठी वाईट ठिकाण आहे, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो काही कामांपुरता खरा आहे. लक्ष्य जर अवकाशात असेल तर मात्र चित्र पालटते. २०० किलोमीटर उंचीवरील वस्तूचे क्षितिज दीड हजार किलोमीटरांहून दूर असते. डोलकाठी दहा मीटरांची की पन्नास मीटरांची, याला तेथे काही अर्थ उरत नाही. मग ते अवजड रडार मनोऱ्यावर न चढविता खाली डेकवर ठेवता येते आणि तोलाचा प्रश्न जवळजवळ मिटतो. अमेरिकेने १९८१ साली ‘ऑब्झर्व्हेशन आयलंड’ या सतरा हजार टनी जहाजाच्या मागील डेकवर बसविलेले रडार सुमारे अडीचशे टन वजनाचे होते. त्याच देशाने पुढे घुमटाखालचे एक प्रचंड रडार चक्क समुद्रातील तेल काढणाऱ्या मंचावर चढविले आणि २००६ साली ते पॅसिफिक महासागरात आणले. सुमारे पन्नास हजार टनांचा हा मंच फार संथ चालतो, पण अर्धा पाण्याखाली राहत असल्याने लाटांत कमी हलतो. भारताचे या प्रकारचे जहाज म्हणजे विशाखापट्टणम येथील हिंदुस्थान शिपयार्डमध्ये बांधलेले ‘आयएनएस ध्रुव’. १० सप्टेंबर २०२१ रोजी ते सेवेत आले. डेकवरील मोठे पांढरे घुमट दुरूनही त्याची ओळख पटवतात. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘युआन वांग ५’ हे चिनी जहाज श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदरात आले तेव्हा भारतात, विशेषतः तमिळनाडूत, जी चिंता व्यक्त झाली तिचे मूळही येथेच आहे. अवकाशातील वस्तूंचा माग काढण्याची यंत्रणा अशा जहाजावर असते, आणि हे जहाज कोणाची परवानगी न घेता खुल्या समुद्रात कोठेही उभे राहू शकते.

जहाजाचे खरे सामर्थ्य उंचीत नसून या ‘कोठेही’ शब्दात आहे, याचा अनुभव श्रीहरिकोटाच्या शास्त्रज्ञांना २०१३ साली आला. मंगळयान घेऊन जाणाऱ्या अग्निबाणाचा मार्ग असा होता, की त्याचा चौथा टप्पा दक्षिण पॅसिफिकवर, भारताच्या कोणत्याही केंद्राच्या दृष्टीआड पेटणार होता. त्या टापूत केंद्र उभारण्याजोगी जमीन नाही. म्हणून भारतीय नौवहन महामंडळाची ‘नालंदा’ व ‘यमुना’ ही जहाजे भाड्याने घेऊन त्यांवर अनुक्रमे ४.६ मीटर व १.८ मीटर व्यासाचे अँटेना बसविण्यात आले. काटेकोरपणे बोलावयाचे तर हे रडार नव्हते. अग्निबाण स्वतः पाठवीत असलेले संकेत ऐकणे एवढेच त्यांचे काम होते, आणि संकेत एकाच दिशेने येत असल्याने चतुर्घाताचा जाच नव्हता. पण स्थैर्याचे, नेमाचे व जागेवर वेळेत पोहोचण्याचे प्रश्न तेच होते. वादळी हवामानामुळे नालंदा वेळेवर पोहोचू शकली नाही आणि २८ ऑक्टोबरला ठरलेले उड्डाण पुढे ढकलावे लागले. ५ नोव्हेंबर रोजी यान सुटले. सुमारे ४४ मिनिटांनी ते अग्निबाणापासून वेगळे झाले, तेव्हा ती वार्ता पॅसिफिकमधील जहाजांमार्फतच आली. जमिनीवरील रडारला जो दोष कधी संभवत नाही तो येथे प्रत्ययास आला : जहाजाला पोहोचण्यास उशीर होऊ शकतो.

राहता राहिले लाटांना घासून येणारे लक्ष्य. त्याच्यासाठी जहाजाच्या मर्यादेतच जागा शोधण्याऐवजी फॉकलंडनंतर ब्रिटिशांनी काही महिन्यांतच हेलिकॉप्टरवर रडार चढविले. भारतीय नौदलाने रशियन बनावटीची कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरे २००३ पासून वापरात आणली. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली रडारचा सपाट अँटेना मिटलेला असतो. उड्डाणानंतर तो खाली उघडतो आणि फिरू लागतो. ३,००० मीटर उंचीवरून पाहिले तर तेच ४ मीटर उंचीचे क्षेपणास्त्र ३१ ऐवजी २३० किलोमीटरांहून अधिक अंतरावर असताना क्षितिजावर येते. चेन्नईच्या पश्चिमेस अरक्कोणम येथे १९९२ साली स्थापन झालेल्या ‘आयएनएस राजाली’ या नौदलाच्या हवाई तळावरून २०१३ पासून ‘पी-८आय’ ही लांब पल्ल्याची टेहळणी विमाने उडतात आणि बंगालच्या उपसागराचा मोठा भाग आपल्या रडारखाली घेतात. उंचीचा प्रश्न येथे सुटतो. त्याच्या जागी काळाचा प्रश्न येतो. कामोव्ह-३१ आकाशात सुमारे अडीच तासच राहू शकते. दिवसरात्र पहारा ठेवावयाचा तर एक हेलिकॉप्टर आकाशात, एक परतीच्या वाटेवर, एक निघण्याच्या तयारीत आणि एक दुरुस्तीला, असा हिशेब धरावा लागतो, आणि आयएनएस चेन्नईसारख्या विनाशिकेच्या हँगरमध्ये फक्त दोन हेलिकॉप्टरे मावतात. म्हणून ती आकाशात नसतील त्या प्रत्येक तासाला मनोऱ्यावरचे ते चार फलक, त्यांचे २५ किलोमीटर आणि त्यांतून हाती येणारी सेकंदे यांवरच जहाजावरील माणसांना विसंबावे लागते.